रविवारी टाकी भरायची नाही म्हणे

नाशिक. सोसायटीचा ग्रुप. मंगळवार, ५ एप्रिल २०२२, रात्री ८:४० पासून पुढे.

मामा (सी-३०१): आलेला मेसेज पुढे पाठवतोय. "वाहनचालकांनो, जागे व्हा! येत्या रविवारी, १० एप्रिलला कुणीही पेट्रोल-डिझेल भरू नका. एक दिवस पंप ओस पडले की कंपन्या नाक घासत येतील. दहा जणांना पाठवा."

पिंटू (बी-४०३): मामा, हा मेसेज २०१८ मध्येही आला होता. तारीख तेवढी नवीन आहे.

ताई (बी-२०१): रविवारी रामनवमी. काळारामाला जायचं म्हणून शनिवारीच टाकी फुल करून ठेवू. झाला निषेध.

मामा: करा चेष्टा. पाडव्याच्या दिवशीसुद्धा ८० पैसे वाढवले. गुढी उभारून पंपावर गेलो तर हा आहेर.

पिंटू: २२ मार्चपासून आज १५ दिवस. त्यात १३ वेळा वाढ. दिल्लीच्या भावात ९ रुपये २० पैसे. मुंबईत आज ११९.६७. आपण त्याच घरात.

सेक्रेटरी (ए-१०१): कृपया ग्रुपवर राजकारण नको. पाणी, पार्किंग, मेंटेनन्स एवढंच. 🙏

अण्णा (ए-३०२): सेक्रेटरीसाहेब, पेट्रोलमधून राजकारण काढलं तर खाली काय उरतं? २०१७ च्या जूनपासून म्हणे भाव रोज बाजाराप्रमाणे बदलतो. मग ४ नोव्हेंबर ते २१ मार्च, १३७ दिवस तो हलला कसा नाही? मधे युक्रेनचं युद्ध सुरू झालं, ७ मार्चला ब्रेंट कच्च्या तेलाचं पिंप १३९ डॉलरपर्यंत गेलं, आपल्या पंपावर आकडा ढिम्म. १० मार्चला उत्तर प्रदेशचा निकाल लागला आणि २२ तारखेपासून रोजचे ८० पैसे सुरू.

काका (ए-४०१): अण्णा, राज्याचंही बोला की. नोव्हेंबरमध्ये केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० उतरवले. कितीतरी राज्यांनी मागोमाग व्हॅट कमी केला. आपल्याकडे?

अण्णा: सांगतो. मी विक्रीकर खात्याचं मीठ खाल्लंय, तरी सांगतो. जेवून आलो की.

ताई: अण्णा जेवेपर्यंत एवढंच विचारते. पेट्रोल काय दूध आहे, एक दिवस नेलं नाही तर नासायला? सोमवारी आपणच दुप्पट रांग लावणार. कंपनीचं काही जात नाही, सरकारचा करही बुडत नाही. रविवारी रिकामा बसेल तो नोझल धरणारा पोरगा.

टेम्पोवाले भाऊ (सी-००४): मी कधी लिहीत नाही ग्रुपवर. पण दिंडोरीतून द्राक्षं भरून वाशी मार्केटला जातो. जाऊन येऊन चारशे किलोमीटर. ३५-३८ लिटर डिझेल. पंधरा दिवसांत खेपेमागे साडेतीनशे रुपये वाढले. व्यापारी म्हणतो, भाडं सीझनच्या सुरुवातीला ठरलंय. जास्त मागितलं तर माझ्यामागे चार पिकअप उभ्या आहेत. तुमचं रविवारचं बंद मला जमणार नाही. माल गाडीत गरम होतो.

मामा: भाऊ, म्हणूनच तर चक्का जाम पाहिजे! द्वारका चौकात अर्धा तास गाड्या आडव्या लावा, मग बघा.

ताई: मामा, द्वारका चौक रोजच जाम असतो. तुम्ही वेगळा केलेला कळणार कुणाला?

पिंटू: 😂

अण्णा: जेवलो. लिटर १२० चा धरा. ढोबळ सांगतो, पैशापैशावरून वाद नको. त्यात केंद्राचे २७ रुपये ९०. त्यातही मूळ अबकारी फक्त १.४०, राज्यांना वाटा मिळतो तो तेवढ्यातूनच. बाकी विशेष अबकारी ११, रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर १३, शेतीचा उपकर अडीच. हे सगळं दिल्लीच्याच तिजोरीत. मग पंपवाल्याचं कमिशन. आणि या सगळ्या बेरजेवर, म्हणजे केंद्राच्या करावरसुद्धा, आपल्या राज्याचा २५ टक्के व्हॅट. मुंबई-ठाण्याला २६. त्याच्याही वर लिटरमागे सरळ १० रुपये १२ पैसे. उद्या तेल फुकट मिळालं तरी हे १०.१२ सुटत नाहीत. मिळून राज्याचे ३० च्या पुढे. म्हणजे १२० पैकी निम्मे कराचे. भांडायचं तर दोन पत्त्यांवर भांडा. एकाच पत्त्याकडे बोट दाखवणारा पक्षाचा तरी असतो, नाहीतर त्याला बेरीज येत नसते.

काका: बरं. पण महाग कच्चं तेल हेही खरंच ना?

अण्णा: खरंच आहे. पण मे २०२० आठवा. लॉकडाऊनमध्ये तेल मातीमोल झालं तेव्हा आपल्याला स्वस्त मिळालं का? केंद्राने पेट्रोलवरचा कर ३२.९८ वर नेला. चढताना बाजार आपला, उतरताना तिजोरी त्यांची.

पिंटू: जीएसटीत आणा, विषय संपला.

अण्णा: बाळा, गेल्या सप्टेंबरात लखनौला परिषदेत विषय निघाला आणि तिथेच बारगळला. ही दुभती गाय कुणालाच सोडायची नाही. ना केंद्राला, ना राज्यांना.

वहिनी (बी-१०२): म्हणून आम्ही पाडव्याला ई-स्कूटर घेतली. आता सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट द्यावा, ही विनंती दुसऱ्यांदा करतेय.

काका: पुण्यात लोहगावला गेल्याच महिन्यात ई-स्कूटर पेटली. व्हिडिओ बघितला ना? माझी गाडी शेजारी लागते.

सेक्रेटरी: हा विषय सर्वसाधारण सभेत. इथे नको.

वहिनी: सभा होते कुठे.

आजींची नात (ए-२०२): आजी मगासपासून ऐकतेय. ती बोलतेय तसं मी टाइप करते.
"आम्ही गोरेगावला होतो तेव्हा. बहात्तर-त्र्याहत्तर साल. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांची महागाईविरोधी समिती काढली. आम्ही थाळी आणि लाटणं घेऊन जायचो. रॉकेल, साखर, तेल. रेशनला काय येत नाही ते नावानिशी मागायचो. महागाई कमी करा, असं मोघम बोललं की मंत्री पण हो हो म्हणतो. अमुक दुकानात अमुक महिन्याचं रॉकेल आलं नाही म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि संध्याकाळी घरी जाऊन विसरून जायचो नाही. परत जायचो. तुमचं एका रविवारचं काय आहे?"

मामा: आजी, नमस्कार. पण तेव्हाचे लोक वेगळे.

आजींची नात: ती म्हणते, लोक हेच होते, फक्त फोन नव्हते.

अण्णा: त्याच त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात वाजपेयी पेट्रोल दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते.

पिंटू: आणि गेल्या जुलैत मुंबईत काँग्रेसच्या इंधन मोर्चात बैलगाडीच मोडली. वरचे सगळे खाली. बैल तेवढे शहाणे, उभे राहिले.

काका: विरोधात असला की बैलगाडी, सत्तेत आला की आंतरराष्ट्रीय बाजार. पक्ष कुठलाही घ्या.

ताई: पण मग निषेधाने काहीच होत नाही, असंही म्हणू नका. १० सप्टेंबर २०१८ ला भारत बंद झाला. त्या दिवशी उलट भाव वाढला, लोक हसले. ४ ऑक्टोबरला केंद्राने दीड रुपया कर उतरवला, एक रुपया कंपन्यांना सोसायला लावला आणि आपल्या राज्याने पेट्रोलवर अडीच कमी केले.

अण्णा: बंदमुळे, की मध्य प्रदेश-राजस्थानच्या निवडणुका तोंडावर होत्या म्हणून?

ताई: दोन्ही. निवडणूक जवळ असली की ओरडलेलं ऐकू येतं. गेल्या दिवाळीत नाही का? पोटनिवडणुकांचे निकाल २ नोव्हेंबरला, हिमाचलमध्ये भाजपच्या हातून सगळ्या जागा गेल्या, आणि ३ च्या रात्री कर कमी झाल्याची बातमी.

पिंटू: फ्रान्समध्ये तर पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर आले, १७ नोव्हेंबर २०१८ ला. जानेवारीत होणारी इंधनाची करवाढ सरकारला रद्द करावी लागली.

ताई: ते दर शनिवारी येत होते, पिंटू. महिनोन्‌महिने. आपल्याकडे सभेला कोरम होत नाही म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा परत भरवतो.

सेक्रेटरी: हे मात्र खरं आहे.

टेम्पोवाले भाऊ: अण्णा, ते १०.१२ फक्त पेट्रोलवर का?

अण्णा: हो, तो आकडा पेट्रोलचा. डिझेलवरचा हिशेब वेगळा. पण भाऊ, तुमचा मुद्दा पेट्रोलपेक्षा मोठा आहे. माझी मारुती आठवड्यातून दोनदा निघते, मला निषेध परवडतो आणि गप्प बसणंही परवडतं. तुमचं डिझेल भाजीत, दुधात, सगळ्यात उतरतं.

ताई: सिटीलिंकची बस आपल्या चौकात थांबते. जुलैपासून सुरू आहे. चारचाकीवाल्यांपैकी कुणी एकदा तरी बसलंय का? हाही निषेधच आहे, जरा घामाचा.

काका: गुडघे साथ देत नाहीत ताई. पायरी उंच आहे.

अण्णा: मी पत्र लिहितो. दोन पत्रं. एक आमदारांना: पेट्रोलवरचे सरसकट १०.१२ कधी आणि किती कमी करणार? एक खासदारांना: रस्ते उपकराचे १३ रुपये कधी? डिझेलवरचा कर कमी करण्याची मागणी दोन्हींत, भाऊंच्या खेपेच्या हिशेबासकट. लेखी उत्तर मागायचं. आलं नाही तर पुढच्या महिन्यात परत. आजी म्हणतात तसं, नावानिशी.

मामा: पत्राने काय होणार? रविवारचं बघा ना सगळ्यांनी.

ताई: मामा, तुम्ही सही तरी करणार ना?

मामा: करू की. भाव सकाळी ६ लाच बदलतो ना?

पिंटू: हो, ६ ला.

सेक्रेटरी: १० वाजले. ग्रुप बंद करूया. शुभ रात्री.

बुधवार, ६ एप्रिल

पिंटू, सकाळी ६:०५: आज परत ८०. मुंबईत १२०.५१.

मामा, ६:२०: तरी बरं, काल रात्री साडेअकराला जाऊन टाकी फुल करून आलो. पंपावर मरणाची रांग. आपल्या सोसायटीतले तिघे भेटले.

ताई: 🙏

अण्णा: दोन्ही पत्रं खाली वॉचमनच्या टेबलावर ठेवली आहेत. मामा, पहिली सही तुमची.

टेम्पोवाले भाऊ: माझी झाली. पाचला निघताना केली.

सेक्रेटरी: पाणी आज ७ ते ७:४५.