रात्री एकटी सिस्टर असेल तर पोटॅशियमच्या इंजेक्शनचं डबल चेकिंग (देण्याआधी दुसऱ्या व्यक्तीकडून खात्री) कसं करता?

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या छोट्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढले की सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या ऑर्डरी येतात. आमच्याकडची १० मिलीची अँप्युल हुबेहूब डिस्टिल्ड वॉटरसारखी दिसते. लाईट गेल्यावर टॉर्चच्या उजेडात तर फरकच कळत नाही. पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडू शकतं, त्यामुळे खूप काळजी वाटते.

कुलूपबंद वेगळा डबा, लाल लेबल, बाटलीवर डोस-वेळ लिहिणं, घातल्यावर बाटली उलटसुलट करून मिसळणं हे सुरू केलंय. इन्फ्युजन पंप नाही, थेंब मोजूनच देतो. तयार मिश्रणाची बाटली मिळत नाही. डॉक्टर रात्री फोनवरच, वॉर्डात मी आणि मावशी.

अँप्युलचा फोटो डॉक्टरांना पाठवून घेतलेला होकार डबल चेक म्हणून तुमच्याकडे मेट्रन मान्य करतात का? केसपेपरवर त्याची नोंद नेमकी कशी करता?