सगळ्या चौपाट्यांना भिंत? अजिबात नको

वेसावकर_नाना
काल इथे एकाने लिहिलं की तौक्ते चक्रीवादळानंतर तरी शहाणपण यायला हवं होतं. वर्सोवा, जुहू, अक्सा, गोराई, सगळीकडे सिमेंटची भिंत घाला, घरंही वाचतील आणि वाळूही. घरांचं एक वेळ बोलू. पण वाळू वाचेल हे वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पावसाळ्यात पुळण, म्हणजे काठावरची वाळू, खाली जाते आणि दिवाळीनंतर भरून येते, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. उधाणाच्या लाटा वाळू ओढून नेतात आणि थोड्या खोल पाण्यात तिचा उंचवटा करतात. मग मोठ्या लाटा तिथेच फुटतात, काठापर्यंत जोर राहत नाही. थंडीतल्या संथ लाटा तीच वाळू परत आणतात. या ये-जा करणाऱ्या वाळूचा साठा मागच्या वाळूच्या टेकड्यांत असतो. भिंत घातली की तो साठा कोंडला. लाट भिंतीवर आपटून उलटी फिरते आणि पायथा खरवडते. भिंत संपते तिथल्या शेजाऱ्याची पुळण तर आणखी लवकर जाते.

टेक्सासचं गॅल्व्हस्टन बेट बघा. सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात किमान ६,००० माणसं गेली, मग १७ फूट उंच भिंत उभी राहिली. तिच्यापुढची रुंद पुळण गेली ती गेलीच. आता बाहेरून वाळू आणून टाकतात.

बापू_स्थापत्य
नाना, अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९१५ ला पुन्हा तसंच वादळ आलं आणि भिंतीमागचं शहर वाचलं, ते का गाळलं? २०१२ च्या सँडी चक्रीवादळात अमेरिकेच्या न्यू जर्सीतली दोन शेजारी गावं घ्या. बे हेडला १८८२ ची दगडी भिंत वाळूखाली गाडली गेली होती, लोक विसरलेही होते. लाटांनी वाळू नेली, भिंत उघडी पडली आणि मागची बहुतेक घरं राहिली. मँटोलोकिंगला अशी भिंत नव्हती; तिथे समुद्र पट्टी फोडून मागच्या खाडीला मिळाला. माझी सगळी नोकरी बंधाऱ्यांच्या कामात गेली. घरात पाणी शिरलेल्या माणसाला वाळूची ये-जा ऐकवून भागत नाही.

वेसावकर_नाना
शहर वाचलं, मान्य. पण बे हेड माझ्याच बाजूने बोलतं. आधी वाळूने मार खाल्ला, भिंतीची पाळी शेवटी आली. तुम्ही लोक भर पुळणीवर उघडी भिंत ठोकता. अक्साला तेच केलं, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं.

दादरकर
तिकडची बेटं म्हणजे नुसती वाळूची पट्टी, समुद्र चढला की मागे सरकते. मुंबईच्या पोटात काळा कातळ. आणि जुहू काय, दादर काय, मागे इमारती. वाळूने सरकायचं कुठे?

गोराईची_सून
तुमची मुंबई जुहूला संपते वाटतं. गोराई-मनोरीला पुढे समुद्र, मागे खाडी. अशा पट्टीवर मोठ्या वादळात लाटा टेकडी ओलांडतात आणि वाळू पलीकडे टाकतात, त्यानेच पट्टीची पाठ उंच होते.

पण माझा खरा राग सुरूच्या झाडांवर आहे. माझं माहेर श्रीवर्धनच्या बाजूचं. टेकडीवरची मर्यादवेल, वाळूवर पसरणारी वेल, काढून तिथे ओळीने सुरू लावले होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ते मुळासकट आडवे झाले. एकेका बुंध्याबरोबर वाळूचा मोठा गड्डा उचकटून आला, खाली खड्डा. पुढच्या उधाणाचं पाणी त्याच खड्ड्यांतून वाडीत शिरलं.

आक्षीचा_भाऊ
ताई, सरसकट बोलू नका. त्याच दिवशी आमच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड गेले. घरावरची कौलं राहिली ती पुढच्या सुरूच्या बनामुळे. वारा काय वेल अडवणार आहे?

गोराईची_सून
वारा नाही अडवत, हे खरं. पण वाळू धरते. वाळूखाली गाडली गेली तरी पेऱ्या-पेऱ्याला मुळं फोडून वर येते. सुरूखाली काड्यांचा थर साचतो, त्यात दुसरं काही उगवत नाही. बन टेकडीच्या मागे लावा ना, माथ्यावर कशाला?

आक्षीचा_भाऊ
मागे लोकांच्या वाड्या आहेत. तिथली जागा तुम्ही देणार का? कागदावर झाडं लावणारे खूप बघितले.

गोराईची_सून
कागदावर नाही भाऊ, माझ्या वडिलांची वाडी गेली त्यात. जपून बोला.

आक्षीचा_भाऊ
वाडी आमचीही गेली. मागे लावायला हरकत नाही, पण आहेत ते तोडू देणार नाही.

बापू_स्थापत्य
धागा भिंतीचा होता. गोराईला वाळू भरून वेल लावायची असेल तर माझी ना नाही, तिथे अजून जागा आहे. दादरला मात्र भिंतीशिवाय गत्यंतर नाही.

वेसावकर_नाना
दादरला भिंत आहेच की, बापू. मोठ्या भरतीला तिच्यापुढे पाय टेकायला वाळू उरते का, ते जाऊन बघा आणि मग गोराईचं बोला.