केमोनंतरचा ताप

वर कुणीतरी लिहिलंय की रात्री ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघावी. एरवी ठीक आहे, पण केमो चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत कृपया असं करू नका. बऱ्याच केमोंमध्ये डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या सुमारास रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी झालेल्या असतात. तेव्हा संसर्ग झाला तरी पू, सूज फारशी दिसत नाही, कारण ती व्हायलाही याच पेशी लागतात. बऱ्याचदा ताप हीच एक खूण असते आणि गोळीने नेमकी तीच झाकली जाते. थर्मामीटरवर १००.४ दिसलं, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं.

आईच्या केमोच्या वेळी डे-केअरच्या (केमो देतात त्या वॉर्डातल्या) सिस्टरनी आणखी एक सांगितलं होतं, ते फार उपयोगी पडलं. कॅज्युअल्टीत नुसतं 'ताप आहे' म्हणू नका, रांगेत बसवतात. 'केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला' हे पहिलं वाक्य. अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हावं लागतं. आम्ही डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि थर्मामीटर एका पिशवीत दाराशीच ठेवत होतो.