ल्युपस बायकांनाच जास्त का? एक्स गुणसूत्राचा डोस, आणि पुरुष पेशंटचा कॅरिओटाईप

सातरस्ता_लॅब
नमस्कार मंडळी. ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) साधारण नऊ बायकांमागे एक पुरुष हे प्रमाण आपल्याला पाठ आहे. नातेवाइकांना मात्र "हार्मोनमुळे होतं" एवढंच सांगून वाटेला लावलं जातं. क्लाइनफेल्टर (४७,एक्सएक्सवाय) असलेल्या पुरुषांत ल्युपस सुमारे चौदापट जास्त आढळतो, तो जादा एक्समुळे असं म्हणतात. पण या पुरुषांत टेस्टोस्टेरॉनही कमीच असतं. मग हार्मोन आणि गुणसूत्र वेगळं कसं काढायचं? दुसरं, पुरुष पेशंटचा कॅरिओटाईप (रक्तातल्या पेशी वाढवून केलेली गुणसूत्रांची तपासणी) कधी मागवावा? सोलापुरातून पुण्याला पाठवलेलं सॅम्पल उन्हाळ्यात वाढतच नाही, ही इथली नेहमीची अडचण. तिसरं, मामा-भाचीची लग्नं असलेल्या घरांत भाऊ-बहीण दोघांनाही ल्युपस असेल तर विचार वेगळा करायचा का?

होटगीरोड
पहिल्या प्रश्नाचं उत्तर ४७,एक्सएक्सएक्स (तीन एक्स असलेल्या) बायकांत आहे. त्यांचे हार्मोन बहुतेक इतर बायकांसारखेच असतात, तरीही ल्युपस नेहमीच्या बायकांपेक्षा अडीचपट आढळतो. तिथे टेस्टोस्टेरॉनचा मुद्दा येतच नाही, उरतो तो एक्सचा डोस, म्हणजे एक्सच्या प्रती किती.

बायकांच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. पण ही बंदी पूर्ण नसते. त्या एक्सवरची १५ टक्क्यांच्या आसपास जनुकं चालूच राहतात, आणि लिम्फोसाइटमध्ये (बी आणि टी या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींत) तर कुलूप आणखी सैल. एक्सला झाकून ठेवणारा झिस्ट आरएनए विश्रांतीतल्या बी आणि टी पेशींत विखुरलेला असतो, पेशी सक्रिय झाली की परत एक्सवर येऊन बसतो. म्हणून काही बी पेशींत टीएलआर७ (याचं जनुक एक्सवरच असतं) दोन्ही प्रतींवरून तयार होतं. हा रिसेप्टर विषाणूचा एकेरी आरएनए ओळखतो. तो जास्त झाला की स्वतःच्या मेलेल्या पेशींतला आरएनएसुद्धा शत्रू ठरतो, इंटरफेरॉन (विषाणूविरुद्धचा इशारा देणारं प्रथिन) वाढतं आणि स्वतःविरुद्धच अँटिबॉडी बनू लागतात.

एकट्या टीएलआर७ ची ताकद किती, ते बीएक्सएसबी या जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांत दिसतं. त्यांच्यात एक्सचा एक तुकडा वायवर जाऊन चिकटलाय, त्यात टीएलआर७ आहे. परिणाम असा की तिथे नरांना ल्युपस लवकर आणि जोरात होतो, माद्या त्यामानाने बऱ्या राहतात. माणसातही २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत टीएलआर७ चं एकच अमिनो आम्ल (२६४ वं) बदललेलं सापडलं. तेवढ्यावर तिला सातव्या वर्षी ल्युपस झाला होता. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध गुणकारी ठरतं त्याचं एक कारण हेच, ते एंडोसोममधला (पेशीच्या आतल्या पिशवीतला) टीएलआर७ आणि त्याच्या जोडीच्या टीएलआर९ चा संदेश दाबतं.

२०२४ मध्ये आणखी एक धागा मिळाला. झिस्टला डझनावारी प्रथिनं चिकटलेली असतात आणि त्यांतल्या कित्येकांविरुद्ध ल्युपसच्या पेशंटमध्ये अँटिबॉडी असतात. नर उंदरांत झिस्ट चालू करून त्यांना प्रिस्टेन (उंदरांत ल्युपससारखा आजार घडवणारं तेल) टोचलं, तर त्यांचा आजार माद्यांच्या जवळपास पोचला. प्रिस्टेनशिवाय नुसत्या झिस्टने ल्युपस झाला नाही, हे मात्र विसरू नये.

हार्मोन खोटे आहेत असं नाही. पण "बायकांचे हार्मोन" म्हणून विषय मिटवणं पेशंटवर अन्याय आहे. एकच सूत्र सगळ्या आजारांना लावू नका. टर्नरमध्ये (४५,एक्स) एक्स एकच, ल्युपस विरळा, पण हाशिमोटो थायरॉइड (प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) भरपूर. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा संधिवात) तर पुरुषांतच जास्त.

बाळीवेस
दुसऱ्या प्रश्नावर. ल्युपस झालेल्या प्रत्येक पुरुषाचा कॅरिओटाईप करायची गरज नाही. मूल होत नाही, वृषण लहान आणि घट्ट आहेत, छाती वाढलेली आहे, हातपाय उंचीच्या मानाने लांब आहेत, यांतलं काही असेल तर जरूर करा.

सॅम्पल वाढत नाही त्याची कारणं बहुतेक वेळा तीनच. एक, नळी चुकते. जांभळ्या टोपीची नको, ईडीटीए कॅल्शियम बांधतं आणि पेशी विभागतच नाहीत. हिरव्या टोपीची सोडियम हेपॅरिनची नळी घ्या, ३ ते ५ मिली रक्त, आणि आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा, नाहीतर बारीक गुठळी होते. दोन, तापमान. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो आणि बसच्या डिकीत त्याहून जास्त. थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक कागदात गुंडाळून ठेवा, नळी त्याला थेट टेकता कामा नये, गोठली की पेशी मेल्या. रात्रीच्या गाडीने पाठवा, शुक्रवारी नको. २४ ते ४८ तासांत कल्चर लागलं पाहिजे, म्हणजे पेशी वाढवायला ठेवल्या गेल्या पाहिजेत.

तिसरं कारण कुणी फारसं विचारात घेत नाही. ल्युपसमध्ये लिम्फोसाइट आधीच कमी असतात. त्यात मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर ते लिम्फोसाइटची विभागणीच थांबवतं, आणि ७२ तासांच्या कल्चरला तर नेमकी तीच हवी असते. शक्यतो औषध सुरू व्हायच्या आधी रक्त घ्या, आणि फॉर्मवर औषधाचं नाव लिहा म्हणजे लॅब दोन कल्चर लावते. २० मेटाफेज (विभागणीच्या मधल्या टप्प्यातल्या पेशी) बघतात, मोझाइकची (काही पेशींतच जादा एक्स असण्याची) शंका असेल तर ५० मागा. कल्चर फसलंच तर ईडीटीए रक्तातून डीएनए काढून क्यूएफ-पीसीआर (गुणसूत्रांच्या प्रती मोजणारी डीएनए तपासणी) होतं, एक्सएक्सवाय त्यातही कळतो.

जोडभावी
मामा-भाची किंवा आत्ते-मामे लग्नाच्या घरात लहान वयात ल्युपस, तोही मुलाला आणि मुलीला सारखाच, असं दिसलं की एक्स बाजूला ठेवा आणि कॉम्प्लिमेंटकडे (रक्तातल्या सी१क्यू, सी३, सी४ अशा संरक्षक प्रथिनांच्या साखळीकडे) बघा. सी१क्यूच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर ल्युपस जवळपास ठरलेलाच, आणि त्यात स्त्री-पुरुष भेद उरत नाही. खूण अशी: सीएच५० (सगळ्या साखळीचं काम मोजणारी तपासणी) जवळजवळ शून्य, पण सी३ आणि सी४ नॉर्मल. सिरम तासा-दोन तासांत वेगळं करून उणे ७० ला गोठवा आणि ड्राय आइसवर पाठवा. बाहेर ठेवलेल्या सिरममध्ये कॉम्प्लिमेंट उडून जातं आणि खोटा कमी रिपोर्ट येतो. म्हणून एका रिपोर्टवर निदान नको, पुन्हा काढा, मग जनुक तपासणी.

सातरस्ता_लॅब
तिघांचेही आभार. आई ल्युपसची पेशंट आहे, मुलीला काही त्रास नाही, तरी एएनए (पेशीकेंद्राविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) करून घ्या असा घरच्यांचा आग्रह असतो. काय सांगावं?

होटगीरोड
करू नका. रक्त १:८० पातळ करून तपासलं तरी साधारण १३ टक्के निरोगी माणसांतही तो पॉझिटिव्ह येतो, आणि मग लग्नाच्या मुलीवर विनाकारण शिक्का बसतो. सांधे सुजणं, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे, तोंडात बिनदुखीचे फोड, लघवीला फेस, यांतलं काही दिसलं तर एएनएसोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर लगेच करा. आईला मात्र पुन्हा दिवस राहणार असतील तर रो अँटिबॉडी आधीच बघून ठेवा. ती बाळाच्या हृदयापर्यंत पोचू शकते, म्हणून असेल तर गरोदरपणाच्या १८ ते २६ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचे ठोके नीट तपासावे लागतात.