आंबट म्हणजे कच्चं नव्हे

'किनाऱ्यावरची शार्डने ही पांढरी वाइन आंबट लागते, म्हणजे द्राक्ष कच्चंच तोडलेलं असणार' हे मत वाचलं, पण मला पटलं नाही. किनारा म्हटलं की आपल्याला कोकणातला दमट उकाडा आठवतो. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा कोस्टला मात्र पॅसिफिकचं पाणीच थंडगार, त्यावरून येणारं धुकं सकाळी उशिरापर्यंत बागेवर बसून राहतं. भाच्याने तिथल्या एका घरच्या वायनरीची बाटली आणली होती. लिंबासारखी धार, पण पाणचटपणा कुठेच नाही. फार आवडली.

इथे एक मुद्दा राहून गेलाय. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. उन्हात मॅलिक झपाट्याने कमी होतं, टार्टारिक बरंचसं टिकतं. आमची बाग जालन्याजवळ, कडवंचीच्या बाजूला. ऑक्टोबरात छाटणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोड. मार्चचं ऊन तापलं की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, चढतो आणि मण्यातला आंबटपणा आठवडाभरात उतरलेला जिभेला कळतो. थंड हवेत साखर सावकाश भरते, मॅलिक टिकून राहतं, म्हणून पूर्ण पिकलेला मणीही आंबट लागतो. तेच मॅलिक पुढे जिवाणूंनी लॅक्टिकमध्ये बदललं की त्या वाइनला लोण्याचा वास येऊ शकतो.