‘पोल्डर’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: हवामानबदलाला तोंड देण्याचं तंत्र देशोदेशी कसं जातं, यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यातला बराच भाग नेदरलँड्स आणि बांगलादेशाबद्दल आहे. ‘पोल्डर’ला अडले आहे. चहूबाजूंनी बांध घालून पाण्यापासून सोडवलेली सखल जमीन, असा अर्थ. आणखी एक. सरकारी मराठीत अशा देण्याघेण्याला ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ म्हणतात, ते मला खटकतं. का, ते नीट सांगता येत नाही.

खारेपाट: आमच्या पेण-अलिबागकडे याला सरळ खारबंदिस्ती म्हणतात. आतली जमीन ती खारभूमी, बांधातलं दार ती उघाडी. ओहोटीला उघाडीची झडप बाहेर उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते. बांध फुटला तर ‘खांड गेली’ म्हणायचं. उधाणाच्या रात्री आजोबा कंदील घेऊन बांधावर जायचे. खेकड्यांनी पाडलेल्या बिळातून पाणी झिरपताना दिसलं की तिथे पेंढा आणि चिखल पायाने दाबून बसवायचे. बोटभर बीळ सकाळपर्यंत खांड होऊ शकतं, म्हणून कुणी झोपायचं नाही. ताई, एवढे शब्द हाताशी असताना ‘पोल्डर’ कशाला?

मांडवीकाठ: गोव्यात हेच खाजन, आणि दाराला मानस. बांध सांभाळायला शेतकऱ्यांची बोस, म्हणजे संघटना, असायची. ‘खाजन’ही चालेल असं मला वाटतं.

कोलकात्याहून: दादा, शब्द तुमचे सुंदर आहेत, पण या लेखात ‘पोल्डर’च ठेवावा असं माझं ठाम मत आहे. बांगलादेशात बंगाली बोलणारा शेतकरीसुद्धा ‘पोल्डर’च म्हणतो. 1960च्या दशकापासून किनाऱ्यावर बांध घालून जे 139 वेढे तयार झाले, त्यांना नंबर आहेत. 2009च्या आयला वादळात बांध फुटला तो 32 नंबरच्या पोल्डरचा, असं लोक सांगतात. ‘खारबंदिस्ती’ लिहिलं तर ही बाहेरून आलेली रचना आहे, हेच झाकलं जाईल.

त्याआधी तिथे ‘अष्टमासी बांध’ होते. नावातच सगळं आलं. आठ महिने खारं पाणी अडवायचं आणि पावसाळ्यात नदीला शेतात येऊ द्यायचं. नदी येताना गाळ आणायची आणि जमीन दरवर्षी थोडी उंच व्हायची. पक्के बांध बारमाही झाले तेव्हा गाळ नदीच्या पात्रातच बसायला लागला. पात्र वर आलं, शेत खाली राहिलं आणि पावसाचं पाणी निघेना. खुलना-जेसोर पट्ट्यात गावंच्या गावं वर्षानुवर्षं पाण्यात राहिली. हॉलंडच्या मातीला जमलेली रचना गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाला जमली नाही.

1990मध्ये डाकातिया बिलात आणि 1997मध्ये भायना बिलात लोकांनी स्वतः बांध कापला. बिल म्हणजे सखल पाणथळ. भरतीचं पाणी आत आलं, गाळ टाकून गेलं, जमीन उचलली गेली, नदीही खोल झाली. पुढे अभियंत्यांनी ही पद्धत योजनेत घेतली. बंगालीत तिला ‘जोयाराधार’ म्हणतात.

म्हणूनच ‘हस्तांतरण’ खटकतं. हस्तांतरण फ्लॅटचं होतं, सातबाऱ्यावरच्या जमिनीचं होतं. एकाने सही करून द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. ‘तुमच्या नदीत गाळ किती?’ हे विचारायला त्या शब्दात जागाच नाही. ‘देवाणघेवाण’ लिहा. डच भाषेत तर ‘पोल्डर’वरून क्रियापद आहे, ‘पोल्डरेन’: सगळ्यांनी एकत्र बसून एकमत होईपर्यंत बोलत राहणं. बांध सगळ्यांचा, म्हणून बोलणंही सगळ्यांचं. बांगलादेशात नाम गेलं, क्रियापद मागेच राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

मांडवीकाठ: पटलं. एक जोड देतो. अशा लेखांत ‘अनुकूलन’ हमखास येतो, त्याला जपा. ‘वातानुकूलित’मध्ये हवा आपल्याला अनुकूल करून घेतो, इथे आपण हवेला अनुकूल व्हायचं आहे. दिशा अगदी उलट. ‘जुळवून घेणं’ लिहिलं तर घोळ होत नाही.

अनुवादिका: ‘पोल्डर’ ठेवते, पहिल्या वेळी ‘कोकणातल्या खारबंदिस्तीसारखा’ असं जोडते. ‘हस्तांतरण’ काढलं. ‘जुळवून घेणं’ही घेतलं. आता ‘जोयाराधार’? ‘भरतीआधार’ कसा वाटतो?

कोलकात्याहून: नको. त्यातला ‘आधार’ म्हणजे साठवणारं पात्र, मराठीत वाचणाऱ्याला टेकू वाटेल.

अनुवादिका: मग ‘गाळपेर’?

खारेपाट: तो धरणाचं पाणी ओसरल्यावर पेरतात त्या जमिनीसाठी ठरलेला आहे. ‘गाळभरती’ म्हणा. समुद्राची भरती आणि खड्ड्यात घालायची भरती, दोन्ही त्यात येतात.