लंडनमध्ये अडकलेले जर्मन

१७६४ साली जर्मनीहून अमेरिकेला निघालेलं, तुम्ही शोधताय ते कुटुंब लंडनला पोचल्यावर पुढे नोंदींत सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला ते श्टुंपेल नावाच्या भामट्याने फसवलेल्यांपैकी वाटतं. अमेरिकेत जमिनीचं आमिष दाखवून त्याने शेकडो माणसं लंडनपर्यंत आणली आणि स्वतः पळाला. बायकापोरांसह ती पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपलजवळच्या मोकळ्या मैदानात उपाशी, उघड्यावर पडली. तिथल्या जर्मन ल्युथरन चर्चचे पाद्री वाक्सेल यांनी वृत्तपत्रातून कळकळीचं आवाहन केलं. मग देणग्या जमल्या, टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातून तंबू आले आणि पुढे सरकारने त्यांना दक्षिण कॅरोलिनात वसवायचं ठरवलं. फार मोठा माणूस, हा वाक्सेल!

म्हणून न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या जहाजयाद्या बाजूला ठेवा. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदराकडे वळा. तिथल्या वसाहतीच्या कौन्सिलच्या नोंदवहीत १७६५ च्या सुरुवातीचे जमीनवाटप नावानिशी पाहा. या जर्मनांची वस्ती लंडनबरो म्हणून ओळखली जाई. आडनाव इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असणार, तेव्हा म्युलरसाठी मिलरही शोधा. वाक्सेल यांच्याच चर्चमधले, म्हणजे व्हाइटचॅपलच्या सेंट जॉर्जमधले, १७६४ चे बाप्तिस्मे आणि दफनंही नक्की बघा, कारण सगळेच जहाजापर्यंत पोचले असतील असं नाही. १७०९ च्या पॅलेटाइन (म्हणजे जर्मनीच्या पॅलेटिनेट भागातून लंडनला आलेल्या) निर्वासितांच्या याद्या मात्र वेगळ्या, त्यात गल्लत नको.